मिलमध्ये आहेत

नागपुरात एका अख्ख्या पिढीची ओळख दोन शब्दांत आटपायची : 'मिलमध्ये आहेत'. लग्नाच्या बोलणीत, शाळेच्या अर्जावर, शेजारपाजारी एवढं सांगितलं की पुरे. मिल म्हणजे एम्प्रेस, नाहीतर मॉडेल. कोणत्या खात्यात, कोणत्या यंत्रावर, आठ तास हात नेमके काय करतात, हे पुढे कोणी विचारत नसे. माझे मोठे मामा असेच एम्प्रेसमध्ये होते. ते गेल्यावर मामीने माळ्यावरची त्यांची लाकडी पेटी माझ्या हवाली केली. "भंगारवाल्याले द्यायच्या आधी एकदा पाहून घे बरं," म्हणाली.

पेटीत ओळखीची वस्तू एकच होती, धोटा. दोन्ही टोकांना पोलादी बोंडं बसवलेला, होडीसारखा, पोटात कांडीची जागा. बाकी सगळं कोडं. घडी होणारी एक पितळी वस्तू, तिच्या एका पानाला भिंग आणि दुसऱ्याला चौकोनी खिडकी. टोकाला खाच असलेली पातळ पट्टी. वाकवलेली बारीक तार, लाकडी मुठीत ठोकलेली. कातड्याचा एक जाड, तेलकट, दगडासारखा घट्ट ठोकळा. आणि हातभर लांबीची एक फळी, तिच्यावर दोन उभ्या खोबणी, मध्ये पत्र्याची छोटी वाटी. ही फळी म्हणे काही वर्षं देवघरात उदबत्तीचं घर म्हणून वापरात होती.

अशा वस्तू हाती आल्या की पहिला मोह होतो तो घासूनपुसून लख्ख करण्याचा. तो आवरावा. पितळेवर पावडर चोळली की कोरलेले आकडे पुसट होतात, आणि हाताने झिजलेली जागा व न झिजलेली जागा यांतला फरकही जातो. कोणती वस्तू कशासाठी हे कळण्याची खरी खूण तीच. त्या तारेच्या मुठीवर अंगठ्याचा खळगा स्पष्ट दिसत होता. म्हणजे ती दाबून नव्हे, ओढून वापरायची. कातडी ठोकळ्याला एकाच जागी गोल, गुळगुळीत खड्डा पडला होता. धोट्याचं पोलादी बोंड त्यात टेकवून पाहिलं तर तंतोतंत बसलं. सुटी पाहिली असती तर या दोन वस्तूंनी काहीच सांगितलं नसतं. शेजारी ठेवल्या आणि बोलू लागल्या.

तो ठोकळा म्हणजे साच्यावरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, पिकर. म्हशीच्या कातड्याचे थर दाबून, तेलात मुरवून तो करत. जुन्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे फेकला जाई, आणि प्रत्येक फेकीला त्याचं टोक या कातड्यावर आदळे. तो खड्डा किती आदळण्यांनी पडला असेल याचा हिशेब मी मनात करू लागले आणि सोडून दिला. मामांना म्हातारपणी कमी ऐकू येई. आम्ही ते वयावर घातलं होतं. ज्या खात्यात असे शेकडो साचे एकदम चालत, तिथे उभं आयुष्य काढलेल्या माणसाचे कान वयाची वाट पाहत नसतात.

वाकड्या तारेचं उत्तर धोट्याच्या डोळ्यात होतं. कांडी बदलली की तिच्या धाग्याचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावं लागतं. जगभरच्या कापड गिरण्यांत विणकर ते तोंडाने ओढून काढत. एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागे, धाग्यावरचा तंतू आणि धूळ फुप्फुसात जाई, रोग पसरत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली यावर बंदी घातली, लँकेशायरमध्ये ती यायला १९५२ उजाडलं. मामांनी तोंडाऐवजी तार वापरली, तीही आपल्या हाताने मूठ बसवून. त्यांना कोणी सांगितलं होतं की त्यांचं त्यांनाच सुचलं, ते आता विचारायची सोय नाही. पण त्या मुठीवर मी बराच वेळ बोट फिरवत राहिले.

पितळी भिंग आणि खाचेची पट्टी मामांच्या सोबत्यांनी चटकन ओळखली. दोघेही मामांच्याच वस्तीत, पाचपावलीत राहतात. एक काका साच्यावर होते, दुसरे फिटर. साच्यावरच्या काकांनी भिंगाची घडी उघडून दिवाणावरच्या चादरीवर ठेवली, एक इंचाच्या खिडकीत डोळा लावला आणि सुईच्या टोकाने उभे धागे मोजायला लागले, मग आडवे. ताणा किती, बाणा किती, यावरून कापडाचा दर्जा ठरे. पट्टीने फणीच्या घरांतून एकेक धागा ओढायचा. हे सांगताना त्यांचा हात हवेतच ओढण्याची क्रिया करत होता. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी मनगट काही विसरलेलं नाही.

फळी पाहिल्यावर मात्र ते मामीवर जवळजवळ रागावलेच. "वहिनी, हे काहून देवघरात ठेवलं? हे तर खात्यात खांबाले टांगलेलं राहे."

त्या दोन खोबणींत दोन तापमापकं असत. एकाचं बोंड कोरडं. दुसऱ्याच्या बोंडाला मलमलीची वात गुंडाळून तिचं टोक वाटीतल्या पाण्यात सोडलेलं. पाणी सुकताना दुसऱ्याचा पारा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका दोन पाऱ्यांत फरक जास्त. नागपूरच्या मे महिन्यात हा फरक वीस अंशांवरही जातो. आणि कोरड्या हवेत सुती धागा तटातट तुटतो. विणकामाला हवेत सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा लागतो.

जमशेटजी टाटांनी एम्प्रेस गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडलं तेव्हा बाकीची गणितं नीट जुळत होती. कापूस दाराशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, मुंबईला जोडणारी रेल्वे तयार. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून मिल उभी राहिली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, सुरू झाली. कारभार बेझनजी मेहतांकडे, जे आले होते रेल्वेतून. बेझनबाग वस्ती त्यांच्याच नावाची. सगळं जमलं, हवा तेवढी उलट होती. म्हणून हवा दमट करणारी यंत्रं बसवण्यात देशातल्या गिरण्यांत एम्प्रेस पुढे होती. टाटांच्या दूरदृष्टीचा हा दाखला पुस्तकांत कौतुकाने दिलेला असतो, आणि ते कौतुक रास्तच आहे. फक्त, बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत त्या ओल्या उष्म्यात उभं कोण राहत होतं, ते या फळीवरून कळतं.

मामी हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "उन्हाळ्यात शर्ट पिळून काढा असा भिजलेला राहे त्यांचा. आणि घरी कूलर लावू देत नसत."

हे आम्हा सगळ्या भाच्यांना पाठ होतं. एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलरला नवी वाळ्याची ताटी लागते; मामांच्या घरी कूलर नाही. सुटीत गेलो की आम्ही कुरकुरायचो. मामा गच्चीवर, उघड्यावर, रखरखीत वाऱ्यात झोपत. काटकसर, हट्ट, विक्षिप्तपणा अशी नावं आम्ही त्याला दिली. दमट हवेची आठ तासांची पाळी करून आलेल्या त्यांच्या अंगाला कूलरचा ओला नव्हे, कोरडा वारा हवा होता, इतकी ती साधी गोष्ट होती. ती मला एका उदबत्तीच्या घराने सांगितली, आणि तेही ओळखणारा माणूस समोर बसला होता म्हणून.

टाटांनंतर मिल सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ साली कायमची थांबली. तिच्या जागेवर आता मॉल आहे. शहरातच मोतीबागेत छोट्या (नॅरोगेज) रेल्वेचं संग्रहालय झालं, आणि ते फार चांगलं झालं. एवढ्या मोठ्या मिलच्या हत्यारांना मात्र घरोघरचे माळे तेवढे उरलेत, आणि माळे दर दिवाळीला झाडले जातात. माझं म्हणणं साधं आहे : झाडायच्या आधी गल्लीतल्या एखाद्या निवृत्त काकांना वर बोलवा. चहा करा. वस्तू त्यांच्या हातात द्या, टेबलावर मांडून विचारू नका. हाताला जे आठवतं ते डोळ्यांना आठवत नाही. आणि ते सांगतील ते तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहून वस्तूला बांधा.

मी तशा चिठ्ठ्या बांधत आले. शेवटी कातड्याचा एक पट्टा उरला होता, दोन टोकांना भोकं पाडलेला. साच्यावरचे काका म्हणाले, हा पिकरच्या दांडीचा. फिटर काका म्हणाले, अजिबात नाही, हा मोटरीच्या पट्ट्याचा तुकडा, मी स्वतः असे कापलेत. भोकांमधलं अंतर मोजून झालं, जाडी मोजून झाली, एकमेकांच्या खात्यांची उणीदुणी निघाली. मामीने दुसऱ्यांदा चहा ठेवला. मी चिठ्ठीवर दोघांचंही म्हणणं लिहून घेतलं, तर फिटर काका म्हणाले, "त्याचं कायले लिहितेस? उद्या माझ्या घरचा पट्टा आणून दाखवतो ना तुले."