पिन नको का?

'थ्री इडियट्स' न पाहिलेला इंजिनिअरिंगचा एक तरी विद्यार्थी दाखवा आणि माझ्याकडून शेवभाजी मिळवा! २००९ सालच्या त्या सिनेमात जॉय लोबोचं कॅमेरावालं हेलिकॉप्टर हॉस्टेलच्या खिडकीपर्यंत उडत जातं, आठवतं ना? ते यंत्र खरोखर उडणारं होतं. मुंबईच्या 'आयडियाफोर्ज'ने ते सिनेमासाठी दिलं होतं, आणि ही कंपनी २००७ साली आयआयटी मुंबईच्याच पोरांनी काढलेली. हे वाचल्यावर मी रूममेटला म्हटलं, "आपण का नाही?"

बस, एवढ्यावर आमचा ड्रोन सुरू झाला. आमच्या हॉस्टेलवर नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही, गावावरून मारतात. तो रावेर आणि मी धुळं. तो मराठी मीडियमचा, केळीच्या शेतातला. मी कॉन्व्हेंटचा. साहजिकच मॅन्युअल वाचायचं काम माझ्याकडे आणि सोल्डरिंगचं त्याच्याकडे. (त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर आहे, हे मान्य करतो.)

ड्रोन मुद्दाम लहान घेतला, तीन इंची पंख्यांचा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर बॅटरीसकट वजन भरलं २३८ ग्रॅम. काय आनंद झाला म्हणून सांगू!

आता आमच्या रडकथेचा हिरो, व्हीटीएक्स, म्हणजे व्हिडिओ ट्रान्समीटर. पोस्टाच्या तिकिटाएवढा. कॅमेऱ्याचं चित्र तो ५.८ गिगाहर्ट्झवर हवेत सोडतो आणि डोळ्यांवर लावलेला गॉगल ते पकडतो. म्हणजे तुम्ही जमिनीवर खुर्चीत आणि डोळे ड्रोनच्या नाकावर. डिजिटल सेट आपल्या खिशाबाहेरचा, म्हणून अ‍ॅनालॉग घेतला. त्यात सिग्नल कमी झाला की जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येतात.

अँटेना वेगळी घ्यायची होती. ती मी निवडली. यादीत एक 'एसएमए' होती आणि एक 'आरपी-एसएमए'. आमचा गॉगल 'राइट हँड' ध्रुवीकरणाचा, तेव्हा 'आरपी' म्हणजे 'राइट पोलराइज्ड' असणार, असा अर्थ मी लावला आणि ऑर्डर दिली. अँटेना आली, आटे बरोबर बसले. फिरवता फिरवता रावेरने आत डोकावून विचारलं, "अरे धुळं, याच्यात मधी पिन नको का?"

मी म्हटलं, "अरे येड्या, वायरलेस आहे ते!"

रूममध्ये बसलेली पोरं पोट धरून हसली. तोही हसला. विषय संपला.

टेबलावर चित्र एकदम काचेसारखं. मोटर फिरवल्या (पंखे काढूनच बरं का!) तेव्हा मात्र चित्रात आडव्या रेघा नाचायला लागल्या. मोटरचा आवाज बॅटरीच्या वायरमधून कॅमेऱ्यात शिरतो. रावेरने बॅटरीच्या टर्मिनलवर ३५ व्होल्टचा ४७० मायक्रोफॅरड कपॅसिटर लावला, कॅमेऱ्याचं ग्राउंड थेट व्हीटीएक्सच्या ग्राउंडला जोडलं आणि रेघा गायब! मग कॉरिडॉरच्या टोकाला चालत गेलो तर मुंग्या. म्हटलं, मध्ये भिंती आहेत, हॉस्टेलचं वायफाय आहे, होणारच. व्हीटीएक्स चटका बसण्याइतका तापायचा. म्हटलं, टेबलावर वारा नाही, होणारच. 'होणारच' हा शब्द इंजिनिअरने वापरू नये, हे आता कळतंय.

जळगावात उडवायची सोय नव्हती. कुसुंब्याजवळ विमानतळ, आणि विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. तेव्हा डिसेंबरात रावेरच्या शेतावर भरीत पार्टी ठरली. बाजूला काड्यांच्या जाळावर वांगी भाजणं चाललेलं, आम्ही सहा जण, आणि रावेरचे वडील कौतुकाने बघतायत.

ड्रोन उडाला. वीस-पंचवीस पावलं गेला असेल नसेल, तोच गॉगलमध्ये नुसत्या मुंग्या. खाली आणला. चॅनल तपासला, दोन्हीकडे रेसबँड चार, म्हणजे ५७६९ मेगाहर्ट्झ. वायफायसारखा ५७२५ ते ५८७५ चा पट्टा आपल्याकडे २०१८ पासून विनापरवाना आहे, त्यातलाच. पॉवर २५ मिलिवॉटवरून २०० केली. आठपट पॉवर म्हणजे मोकळ्यावर अंतर पावणेतीनपट तरी वाढायला हवं. फरक अगदी थोडा. मग मी केळीला दोष दिला. केळीचं पान म्हणजे पाण्याची पिशवी, ते ५.८ गिगाहर्ट्झ शोषतं. हे खरंच आहे. पण ड्रोन तर केळीच्या वर होता! तिसऱ्यांदा चित्र गेलं, मी घाबरून थ्रॉटल सोडला आणि ड्रोन थेट केळीत.

ड्रोन शाबूत होता. माझं डोकं नव्हतं. आदल्या रात्री रावेरने बॅगेत बसावा म्हणून अँटेना काढली होती आणि तशीच बॅटरी लावून कॅमेऱ्याचा कोन बघितला होता. अँटेना नसताना व्हीटीएक्स चालू केला तर पॉवरला बाहेर जायला वाट मिळत नाही, ती उलटी फिरते आणि आतला अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. हे मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर असतं.

"तू जाळलास तो," मी म्हटलं.

"दहा सेकंद लावली होती रे फक्त."

आणि मग मी त्याच्या वडिलांसमोर, सगळ्या पोरांसमोर, इंग्रजीत म्हणालो, "रीड द मॅन्युअल फर्स्ट. इफ यू कॅन."

तो काहीच बोलला नाही. वडिलांना शब्द कळले नसतील, सूर कळला. ते म्हणाले, "राहू द्या पोरांनो. एक पान फाटलं, घड थोडाच पडला." भरीत फार छान झालं होतं म्हणे. मला चव आठवत नाही.

हॉस्टेलवर आल्यावर रावेरने नव्या व्हीटीएक्ससाठी आपल्या वाट्याचे नऊशे रुपये माझ्या टेबलावर ठेवले. नंतर रूम बदलून घेतली. मेसमध्ये दिसला की मान हलवायचा, एवढंच.

संक्रांतीला धुळ्याला गेलो तेव्हा नवा व्हीटीएक्स घेऊन गेलो. घरी बसून जोडला. टेबलावर चित्र काचेसारखं. गल्लीत वीस पावलं गेलो... मुंग्या!

मित्रांनो, पार्ट नवा आणि फॉल्ट तोच. याचा अर्थ फर्स्ट इयरच्या पोरालाही कळेल. फॉल्ट त्या पार्टमध्ये नव्हताच. मला तो गल्लीत उभ्या उभ्या कळला, आणि थंडीतही घाम फुटला.

आग्रा रोडच्या एका बोळात टीव्ही आणि डिश दुरुस्त करणारे एक काका बसतात. ड्रोन त्यांनी हातात पहिल्यांदाच धरला असेल. त्यांनी मॅन्युअल मागितलं नाही. चष्मा कपाळावर सरकवला, भिंग लावलं आणि अँटेना काढून दोन्ही टोकं पाहिली. मग म्हणाले, "बेटा, इकडेही भोक, तिकडेही भोक. डिशच्या केबलची मधली तार आत गेली नाही तर चित्र येतं का?"

एसएमएमध्ये नटवाल्या बाजूला पिन असते आणि बाहेरून आटे असलेल्या बाजूला भोक. आरपी-एसएमएमध्ये नेमकं उलटं. 'आरपी' म्हणजे 'रिव्हर्स पोलॅरिटी'. ती वायफाय राउटरवर असते. आटे दोन्हीचे सारखेच, म्हणून एकमेकांवर गुपचूप बसतात, पण मध्ये कॉन्टॅक्टच होत नाही. थोडासा सिग्नल फटीतून गळतो, म्हणून टेबलावर चित्र मस्त आणि अंगणात बोंब. बाकीची पॉवर परत फिरते, म्हणून चटका. रावेरने दहा सेकंद अँटेनाशिवाय चालवला होता. मी तो दोन महिने अँटेनाशिवाय चालवत होतो!

घरी येऊन मॅन्युअल उघडलं. चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं : कनेक्टर, एसएमए. पिन असलेली अँटेना वापरा. सोप्या इंग्रजीत. इफ यू कॅन.

काकांनी पैसे घेतले नाहीत. साडेतीनशेची बरोबर अँटेना पाच दिवसांनी आली. या वेळी उडवलं नाही. ड्रोन गच्चीवर ठेवला, समोर टेबलफॅन लावला आणि गॉगल हातात घेऊन चालत सुटलो. गल्ली संपली, चौक आला, चित्र जागचं हललं नाही. मग धडधडत्या मनाने डिसेंबरातला 'जळालेला' व्हीटीएक्स लावला. तोही तस्साच चालला. खरं सांगू? तो चालू नये असं एक क्षण वाटलं होतं.

धुळे-जळगाव एसटीत पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. रात्री मेस सुटल्यावर रावेरला गाठलं. नऊशे रुपये आणि ती जुनी अँटेना त्याच्या हातात दिली. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. एवढंच म्हटलं, "पिन पाहिजे होती रे. तू बरोबर होतास. आणि तुझ्या वडिलांसमोर मी जे बोललो ते... चुकलं."

त्याने अँटेना दिव्याकडे धरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "पिन कशाला पाहिजे? वायरलेस आहे ना ते."

मी हसलो नाही. तो हसला, तेव्हा हसलो.

फेब्रुवारीत परत त्याच शेतात गेलो. मी वडिलांच्या पाया पडलो, तर ते म्हणाले, "त्याचं काय एवढं." या वेळी ड्रोन रावेरने उडवला आणि मी नजर ठेवायला शेजारी उभा राहिलो. मग गॉगल वडिलांना दिला. आधी ते खुर्ची घट्ट धरून बसले. मग म्हणाले, "थांबव, थांबव. त्या कोपऱ्यात पिवळं का दिसतंय? ठिबक तुंबलं वाटतं तिथलं." आणि गॉगल काढून, चपला सरकवून तिकडे चालायलाही लागले. मागे रावेर, त्याच्या मागे मी.

ठिबक खरंच तुंबलं होतं.

असो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण शाळेत मी ऑप्शनला टाकली होती. आता पाठ झाली. हॉस्टेलवर कोणी ड्रोन बनवत असेल तर एवढं करा. बॅटरी लावायच्या आधी अँटेना काढून आत बघा. आणि कोणी विचारलं, "पिन नको का?" तर हसायच्या आधी त्याच्यासोबत तुम्हीही बघा.

(ती आरपी-एसएमए अँटेना आमच्या रूमच्या खिळ्यावर लटकलेली आहे. हो, 'आमच्या'. रावेर परत आलाय.)