अष्टविनायकाची बस आणि सहप्रवासाची रीत

अष्टविनायक यात्रेची बस पुण्यातून पहाटे निघते आणि बहुधा दुसऱ्या दिवशी रात्री परतते. एवढ्या वेळात मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महड आणि पाली अशी आठ ठिकाणे होतात. त्यांपैकी पाच पुणे जिल्ह्यात आहेत, सिद्धटेक भीमेच्या काठी अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, तर महड आणि पाली रायगड जिल्ह्यात. सगळा मिळून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता पडतो. देवापुढे उभे राहायला मिळतात ते काही क्षण. बाकीचा बराचसा काळ बसमध्येच जातो. चाळीस माणसे, त्यांतली बहुतेक एकमेकांना अनोळखी, दोन दिवस खांद्याला खांदा लावून बसतात, एका पंगतीत जेवतात आणि रात्री भक्तनिवासाच्या खोल्या वाटून घेतात. यात्रेतल्या कुरबुरी देवळाच्या रांगेपेक्षा बसच्या पायरीवर जास्त होतात, याचे कारण हेच.

पहिली नाराजी अनेकदा बस सुटण्याआधीच निर्माण झालेली असते. परंपरेने यात्रेची सुरुवात मोरगावच्या मयूरेश्वरापासून होते, त्यानंतर सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर आणि रांजणगाव असा क्रम धरून सांगता पुन्हा मोरगावला करतात. हा क्रम तंतोतंत पाळायचा तर सिद्धटेकहून थेट सह्याद्री उतरून पालीला जावे लागते आणि थेऊरसाठी पुन्हा वर चढून यावे लागते. दोन दिवसांत ते बसत नाही, म्हणून बसगाड्या रस्त्याच्या सोयीने ठिकाणे घेतात. मुंबईच्या गाड्या तर महड-पाली वाटेवरच असल्याने तिथूनच आरंभ करतात. ज्यांनी नवस बोललेला असतो किंवा ज्यांच्या घरात क्रमाला महत्त्व असते, त्यांना ही गोष्ट गाडीत बसल्यावर कळली की मन खट्टू होते आणि मग पुढची प्रत्येक लहान गैरसोय मोठी वाटू लागते. यात चूक आयोजकाची. ठिकाणांचा क्रम पैसे घेण्याआधी कागदावर लिहून द्यायला हवा. तो कळल्यावरही जो प्रवासी बसने येतो, त्याने मात्र वाटेत क्रमाचा वाद काढू नये.

त्यानंतर येते ती जागा. टू बाय टू बसमध्ये सगळी आसने सारखी दिसतात, प्रत्यक्षात ती सारखी नसतात. मागच्या चाकांच्या मागे येणाऱ्या रांगा प्रत्येक खड्ड्याला उसळतात, शेवटच्या बाकाची पाठ पुष्कळ गाड्यांत मागे जात नाही आणि इंजिन मागे असेल तर आवाजाचा आणि उष्णतेचा त्रासही तिथेच. पुढच्या दोन-तीन रांगांत धक्के कमी आणि समोरचा रस्ता दिसतो. म्हणून काही आयोजक रोज जागा फिरवतात, तर काही आधी पैसे भरणाऱ्याला पुढची जागा देतात. दोन्ही पद्धती चालण्यासारख्या आहेत. ज्या गाडीत कोणतीच पद्धत नसते तिथे रुमाल आणि पिशव्या टाकून जागा धरल्या जातात आणि पहिल्या चहाच्या थांब्यालाच दोन घरांत अबोला धरला जातो.

या भांडणातले ठरलेले वाक्य असते, ‘आम्हीपण तेवढेच पैसे दिलेत.’ वाक्य खरे आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. सारख्या पैशांत सारखे आसन मिळते, प्रत्येकाचे शरीर मात्र सारखे नसते. कोणाला गाडी लागते. आतल्या कानाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांसमोर मात्र स्थिर पाठ किंवा मोबाइल असतो, या विसंगतीमुळे मळमळ सुरू होते. अशा माणसाला पुढे बसवले आणि नजर लांबच्या रस्त्यावर ठेवायला सांगितली की त्रास बराच कमी होतो. लेण्याद्रीहून महडकडे जाताना माळशेजने उतरा नाहीतर लोणावळ्याकडून, घाट चुकत नाही. त्या दोन तासांपुरती पुढची जागा मागणे हा लाड नाही, गरज आहे. जिथे गरज आहे तिथे तिला पहिला मान, उरलेल्यांत पाळी किंवा पैसे भरण्याचा क्रम, असा नियम न्याय्य ठरतो. मात्र गाडी लागणाऱ्यानेही आपल्याकडून तयारी ठेवावी: औषध निघण्यापूर्वी घ्यावे, पोट तुडुंब भरू नये, पिशवी जवळ बाळगावी आणि घाट संपल्यावर आपल्या जागेवर परत जावे.

ऊन आणि गारवा यांवरून होणारे वादही शरीराशीच निगडित आहेत. सकाळी पुण्याहून जुन्नरच्या दिशेला, म्हणजे उत्तरेला जाताना ऊन उजव्या खिडक्यांतून येते. दुपारनंतर त्याच दिशेने गेले तर डावी बाजू तापते. पडदा ओढला की शेजाऱ्याचे दृश्य जाते, उघडा ठेवला की डोक्याला ऊन लागते. वातानुकूलित गाडीत सत्तरीतल्या आजींना हुडहुडी भरते आणि त्यांच्या मागच्या तरुणाला गुदमरल्यासारखे होते. गार हवेचा झोत प्रत्येक आसनावर वेगळा बंद करता येतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. गाडी सुटताना टूर मॅनेजरने ते एकदा दाखवले तर चालकाकडे जाणारे निम्मे निरोप थांबतील. आसनाची पाठ मागे नेण्याआधी मागच्याकडे एकदा पाहणे आणि खाण्याच्या वेळी ती सरळ करणे, एवढे सौजन्य पुरते.

सगळ्यांत अवघड बाब मात्र वेळेची आहे. बसमधली वेळ कोणा एकाची नसते. एक कुटुंब वीस मिनिटे उशिरा आले तर उरलेल्या पस्तीस-चाळीस माणसांची प्रत्येकी वीस मिनिटे जातात, आणि एवढ्यावर भागत नाही. ओझरला झालेला उशीर लेण्याद्रीला भोवतो. तिथून निघायला उशीर झाला की चाकणच्या गर्दीत गाडी अडकते आणि पालीचा गाभारा बंद होण्याची धास्ती सगळ्यांना लागते. सकाळी कोणीतरी गमावलेल्या वेळेची भरपाई संध्याकाळी भलत्याच माणसाला करावी लागते, कारण शेवटच्या ठिकाणी घाई होते ती हळू चालणाऱ्यांची.

तरीही सगळे उशीर एका मापाने मोजू नयेत. दर्शनाची रांग कोणाच्या हातात नसते. संकष्टीला ती वाढते, आणि संकष्टी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी असली, तर तासांचा हिशेब कोलमडतो. रांगेत अडकलेला माणूस दोषी नाही. पेढे, खेळणी आणि फोटो यांत रेंगाळलेला माणूस मात्र दुसऱ्याचा वेळ खर्च करतो आहे, हे त्याला सौम्यपणे पण स्पष्ट सांगायला हवे. उशीर होणार असे दिसताच कुटुंबातल्या एकाने गाडीपाशी जाऊन कळवावे किंवा फोन करावा, म्हणजे थांबलेल्यांना निदान किती वेळ थांबायचे ते कळते. माणसाला थांबण्यापेक्षा अंदाज नसलेले थांबणे जास्त जाचते. आणि उशिरा येणाऱ्याने दारातूनच मोठ्याने ‘माफ करा, आमच्यामुळे थांबावं लागलं’ असे म्हणावे. मान खाली घालून जागेवर जाऊन बसण्याने राग वाढतो, या एका वाक्याने तो निम्मा उतरतो.

गाडीत बसलेल्यांच्या बाजूनेही एक वाईट सवय रूढ झाली आहे. उशिरा येणाऱ्याचे स्वागत उपरोधाच्या टाळ्यांनी करायचे. तरुण मंडळी ते हसून घेतात, पण गुडघे धरून पायऱ्या उतरलेल्या एखाद्या काकूंना त्या टाळ्या फार लागतात. त्या दिवशी त्या पुढच्या देवळात उतरतही नाहीत. ‘तुम्ही जाऊन या, मी इथूनच नमस्कार करते’ म्हणून खिडकीशी बसून राहतात. यात्रेला आलेल्या माणसाचे दर्शन चुकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ही प्रथा बंद व्हायला हवी.

लेण्याद्रीला या सगळ्याची कसोटी लागते. गिरिजात्मजाचे स्थान डोंगरात कोरलेल्या बौद्ध लेण्यांच्या समूहात आहे आणि तिथे जायला सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. धडधाकट माणूस वीस मिनिटांत वर पोहोचतो. हृदयविकाराचा किंवा संधिवाताचा त्रास असलेल्याला तेवढाच चढ तासभर पुरतो. सगळ्यांना एकच वेळ देऊन खाली सोडले की ज्येष्ठांना दम लागेपर्यंत धावावे लागते. त्यांना आधी उतरवून चढायला लावावे, डोली हवी असेल तर तिचे दर आधीच ठरवून द्यावेत आणि ज्यांना वर जायचे नाही त्यांच्यासाठी खाली सावलीतली जागा पाहावी. वाटेवर माकडे हातातल्या पिशव्या ओढतात, म्हणून ज्येष्ठांचे सामान तरुणांनी घेतले तर फार बरे. अनोळखी मुलाने ‘आजोबा, पिशवी द्या इकडे’ म्हटले की दोन घरांतले अंतर तिथेच मिटते.

स्वच्छतागृहाचा विषय लोक संकोचाने टाळतात आणि त्याची झळ बायकांना सर्वाधिक बसते. वाटेत स्वच्छ जागा मिळेल की नाही, या भीतीने त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर थांबणे लांबवता येत नाही. दर दोन-अडीच तासांनी ठरलेला थांबा असला की कोणाला चालकापाशी जाऊन खासगीत विनवणी करावी लागत नाही. अधेमधे कोणी गाडी थांबवायला सांगितली तर मागून ‘आता कशाला?’ असा आवाज येऊ नये. मधुमेही प्रवाशाच्या जेवणाची वेळही अशीच सांभाळावी लागते. चतुर्थीच्या उपासामुळे बाकीच्यांचे जेवण पुढे गेले तरी त्याचे पुढे ढकलू नये.

गाणी, मोबाइल आणि गप्पा यांबाबत थोडक्यात सांगता येते. सकाळची आरती आणि भजन बहुतेकांना हवे असते, दुपारच्या जेवणानंतर बहुतेकांना झोप हवी असते, आणि अंताक्षरी संध्याकाळी रंगते. या तीन वेळा ओळखल्या की पुरे. मोबाइलवर आवाज मोठा करून चित्रफिती पाहणे कोणत्याच वेळी योग्य नाही. मुक्कामी एका खोलीत अनोळखी माणसे असतील तर पहाटेच्या आंघोळीचे नंबर आदल्या रात्रीच लावून घ्यावेत आणि गरम पाण्याची बादली पुढच्यासाठी शिल्लक ठेवावी.

एवढे सगळे माहीत असूनही सहली कडवट होतात, कारण मराठी माणूस भिडेखातर वेळेवर बोलत नाही. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर धक्के खाणारा ‘असू दे’ म्हणतो, रात्री खोलीत घरच्यांपाशी चडफडतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एखाद्या थंड चहाच्या निमित्ताने टूर मॅनेजरवर तुटून पडतो. ऐकणाऱ्याला वाटते, चहासाठी एवढा संताप? संताप चहाचा नसतोच, तो साठवलेला असतो. तक्रार सांगायची जागा आणि वेळ ठरलेली असेल तर ती साठत नाही.

याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली; दिंड्यांचा रथापुढचा आणि मागचा क्रम ठरलेला असतो आणि तो मोडला जात नाही. मुक्कामी पोहोचल्यावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो, मार्ग काढतो, मगच पुढची आरती होते. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळही तिथेच सांगितली जाते. एवढा मोठा समुदाय रोजची गाऱ्हाणी रोज मिटवून झोपतो. चाळीस माणसांच्या बसला हे कठीण नाही. ओझरच्या मुक्कामी रात्रीच्या जेवणानंतर टूर मॅनेजरने पंधरा मिनिटे सगळ्यांना एकत्र बसवावे, कोणाला काय त्रास झाला ते विचारावे आणि उद्याच्या जागा व वेळा तिथेच ठरवाव्यात. ज्याला त्रास आहे त्याने तिथे बोलावे. न बोलणाऱ्याने दुसऱ्या दिवशी भांडू नये.

प्रवाशांच्या आपसातल्या रीतीभातीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक महत्त्वाची आहे ती चालकाशी वागण्याची रीत. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाचे दिवसाचे माप सामान्यतः आठ तास ठरवले, लांब पल्ल्यासाठी जास्तीत जास्त दहा, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. दोन दिवसांच्या यात्रेत हे माप सहज ओलांडले जाते. प्रवासी दर्शनाला जातात तेव्हा चालकाला गाडी लावायला जागा शोधावी लागते. प्रवासी झोपतात तेव्हा काही ठिकाणी तो गाडीतच आडवा होतो. त्याला पंगतीत सगळ्यांच्या बरोबरीने जेवायला बसवावे, झोपायला खाट मिळाली की नाही हे प्रवाशांनी विचारावे, आणि गाडी हळू चालली म्हणून कुरकुर करू नये. परतीच्या रात्री ‘एवीतेवी वाटेवरच आहे, तेवढं करून टाकू’ असे म्हणून चालकाला कार्यक्रमाबाहेरचे आणखी एक ठिकाण घ्यायला कोणीही लावू नये. आणि कोणी लावत असेल, तर शेजारच्या प्रवाशाने भीड न धरता त्याला तिथेच अडवावे.