भिंतीवरचा कोल्ट्रेन

२००८ साली फिलाडेल्फियाला पहिल्यांदा ऑनसाईट गेलो तेव्हा शनिवार-रविवार अक्षरशः खायला उठायचे. कपडे धुतले, भात लावला, घरी फोन केला की संपलं! असाच एका शनिवारी बसने भटकत स्ट्रॉबेरी मॅन्शन भागात पोचलो. (नावावर जाऊ नका. वस्ती साधीच, बरीचशी घरं पडीक.)

डायमंड स्ट्रीटवर एका इमारतीची आख्खी बाजू व्यापून जॉन कोल्ट्रेन! मला जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नुसता मान वर करून बघत बसलो. शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांनी विचारलं, "कुठला रे तू?" इंडिया म्हटल्यावर खूश. म्हणाले, त्याने 'इंडिया' नावाची रचना केलीय, आणि पोराचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं! (खोलीवर येऊन तपासलं, खरं निघालं.) १९५२ साली त्याने जवळच ३३व्या रस्त्यावर घर घेतलं होतं. आजोबा सांगत होते ते असं, की जणू कोल्ट्रेन आत्ताच कोपऱ्यावर दूध आणायला गेलाय.

या शहरात अशा भिंती जागोजागी आहेत. १९८४ मध्ये भिंती खराब करणाऱ्या पोरांना आवरायची मोहीम निघाली. जेन गोल्डन या चित्रकार बाईंनी त्यांच्याच हातात ब्रश दिले. आता बरीच चित्रं आधी पॅराशूटच्या कापडाच्या तुकड्यांवर रंगवतात. शाळेतली मुलं, वस्तीतले लोक, अगदी तुरुंगातले कैदीसुद्धा रंगवतात. मग ते तुकडे भिंतीवर चिकटवायचे. आमच्या मोड्यूल्ससारखंच, फक्त इथे इंटिग्रेशन सुंदर होतं :)

२०१४ मध्ये ती इमारत पाडली. कोल्ट्रेनसकट.

त्याच सुमारास पुण्यातला आमचा वाडाही बिल्डरला गेला. खाली तबल्याचे मास्तर भाड्याने राहायचे. संध्याकाळी त्यांच्या शिष्यांचा 'धा तिट' सुरू झाला की आई कुकर लावायची, घड्याळ बघायची गरजच नाही. माझ्याकडे कागद सहीसाठी आले तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता, पार्किंग मिळणार का? मास्तर कुठे जाणार, हे विचारायचं सुचलंच नाही.

परवा पुन्हा फिलाडेल्फियाला जाणं झालं. डायमंड स्ट्रीटवरच, दुसऱ्या भिंतीवर, अर्नेल मार्टिनेझ यांनी २०१७ मध्ये केलेला नवा कोल्ट्रेन आहे. खुर्चीवाले आजोबा काही दिसले नाहीत. मी मात्र पुन्हा तसाच मान वर करून उभा राहिलो, आणि डोक्यात सारखं आमचं पार्किंग येत राहिलं. मास्तरांची खोली होती ना, बरोब्बर तिथे आमची गाडी लागते.

असो. मास्तरांच्या मुलाचा नंबर मिळवलाय. चार दिवस झाले, अजून लावला नाहीये.