चिंचेने घासलेली तलवार

दसरा जवळ आला की तुमच्याकडे माळ्यावरून काय काय खाली येतं? आमच्याकडे समया, तांब्याचं घंगाळ आणि एक तलवार. दचकू नका, आम्ही काही सरदार-दरकदार नव्हे. जालन्याकडचे साधे वतनदार कुळकर्णी. पण तलवार घरात आहे खरी. आजेसासरे सांगत, असईच्या रणातून आली. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, आणि ते गाव आमच्यापासून जवळ, त्यामुळे कोणी खोटं म्हणायला गेलं नाही. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची आणि आदल्या दिवशी तिला घासायचं काम असायचं नव्या सुनेचं. म्हणजे माझं.

चिंच, रांगोळी आणि विटेची बारीक पूड. पहिल्या वर्षी मुठीजवळ पात्यावर आकाशी निळे डाग होते. मला वाटलं गंज असेल. खसाखसा घासले आणि सासूबाईंना चकचकीत पातं नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, "हात आहे हो तुला!" काय सांगू, किती सुखावले होते!

गेल्या वर्षी धाकट्या जावेच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दिरांनी ओळखीतून एक संग्राहक शोधला, त्यांना फोटो पाठवले. त्यांचा उलट प्रश्न आला : "पात्यावर निळा रंग आणि सोनेरी वेलबुट्टी होती का? ही घासली कुणी?" दिरांनी मला वाचून दाखवलं. मी पोळ्या लाटत होते, लाटतच राहिले. बोलले काहीच नाही.

लेक ड्युसेलडॉर्फला असते. बाळंतपणासाठी तिच्याकडे गेले तेव्हा पर्समध्ये त्या तलवारीचे फोटो होते. तलवार नव्हे बरं का! शंभर वर्षांहून जुनी वस्तू तुम्हीआम्ही देशाबाहेर नेऊ शकत नाही, १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. तलवारीच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट बाजूला, पुसट रोमन अक्षरं आहेत. पहिली गेलेली, पुढे 'लिंगेन' एवढंच उरलेलं. आमच्या आत्येसासूबाई त्यावरून ती ज्योतिर्लिंगाची म्हणत! जावईबापूंनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "आई, हे सोलिंगेन असणार. इथून तासाभराच्या आत आहे."

सोलिंगेन! तुमच्या शिवणाच्या डब्यातली जुनी कात्री किंवा वडिलांचा दाढीचा वस्तरा काढून पाहा, कदाचित त्यावर हेच नाव सापडेल. १९३८ पासून जर्मनीत तसा कायदाच आहे : सगळी मुख्य कामं त्याच भागात झाली असतील तरच त्या सुरीकात्रीवर हे नाव घालायचं.

आम्ही बाळाला घेऊन निघालो. आगगाडीने वुप्परटालच्या फोविंकेलला उतरलो. तिथे लोंबकळत जाणारी ती प्रसिद्ध रेल्वे आहे, १९०१ पासूनची. पाहून घेतली, बसलो नाही, बाळ रडत होतं. पुढे विजेच्या तारांवर चालणाऱ्या बसने ग्रेफ्राटला. सोलिंगेनचं जुनं गाव १९४४ च्या नोव्हेंबरात बॉम्बफेकीत गेलं, पण हा भाग वाचला. छोटासा चौक, काळ्या पाटीदगडाने मढवलेली घरं, पांढऱ्या चौकटी, हिरव्या झडपा. सगळ्या घरांना तेच तीन रंग. आपल्याकडे कोकणात गेल्यावर लाल माती आणि कौलं पाहून डोळे निवतात ना, तसं वाटलं.

चौकातून पायऱ्या चढून वर गेलं की पात्यांचं संग्रहालय लागतं. आणि गंमत पाहा, ही इमारत मुळात बायकांचा मठ. घरंदाज घराण्यांतल्या मुली इथे व्रतस्थ राहायच्या. १८०३ मध्ये, आमच्या असईच्याच वर्षी, मठ बंद झाला आणि १९९१ पासून तिथे तलवारी नांदतात. तलवारींबरोबर काटे-चमचेही आहेत. कोणत्या काळात लोक कशाने जेवत, हे पाहताना लेकीला मला ओढूनच न्यावं लागलं.

एका कपाटापुढे मात्र मी थबकले. घोडेस्वाराची वाकडी तलवार. मूठ रिकिबीच्या आकाराची आणि पातं मुठीपासून अर्ध्यापर्यंत निळंशार, मोरकंठी म्हणावं असं, त्यावर सोन्याची वेलबुट्टी. आमचीच! फक्त अंगावर शालू नेसलेली. माझे पाय लटपटले.

तिथल्या एका बाईंना लेकीने फोटो दाखवले. त्यांनी ते मोठे करून करून पाहिले आणि सावकाश समजावलं. ही १७९६ च्या नमुन्याची, हलक्या घोडदळाची इंग्रजी तलवार. ल मार्शां नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने ती आखली. फ्लँडर्सच्या मोहिमेत आपल्या स्वारांच्या तलवारी त्याला बेढब वाटल्या, म्हणून. पातं साधारण तेहतीस इंच, टोकाकडे थोडं रुंद होत गेलेलं. खुपसायला नव्हे, सपकन वार करायला. पण मग इंग्रजी तलवारीवर जर्मन गावाचं नाव कसं? तर लंडनमध्ये रुंकेल नावाचा व्यापारी होता, तो सोलिंगेनची पाती मागवून विकायचा आणि पाठीवर आपलं आणि गावाचं नाव घालायचा. इंग्रज कारागीर चिडले. बर्मिंगहॅमच्या टॉमस गिलने तर आपल्या पात्यांवर 'कधीही दगा न देणारी' अशी हमीच कोरायला सुरुवात केली. कुकरच्या गॅरंटी कार्डाची आठवण झाली की नाही?

निळा रंग कसला? पोलाद तापवलं की एका ठरावीक उष्णतेला त्यावर निळी झाक चढते. ती केसाहूनही कितीतरी पातळ. चिंच आणि विटेची पूड तिला किती पुरणार! बाई काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात दाबला. मग म्हणाल्या, पाठीवरची अक्षरं वाचली हेच नशीब.

तिथे एक गोष्ट आठवली, ती आपल्या भागातलीच आहे. कॅप्टन नोलन नावाच्या इंग्रज घोडदळी अधिकाऱ्याने १८५३ साली पुस्तक लिहिलं, त्यात आहे. निजामाच्या स्वारांचे वार इतके खोल जातात तरी कसे, म्हणून त्याने चौकशी केली, तर त्यांची पाती निघाली इंग्रजांनीच टाकून दिलेली! देशी मूठ चढवलेली, वस्तऱ्यासारखी धार लावलेली आणि लाकडी म्यानात ठेवलेली. इंग्रजांचं म्यान लोखंडाचं, त्यात आतबाहेर करतानाच धार मरायची. आपली चांगली सुरी स्टीलच्या चमच्यांच्या खणात टाकून देणाऱ्या सगळ्यांना मी हे सांगत असते. आपल्याकडे तर युरोपी पात्याला देशी मूठ बसवलेल्या तलवारीला 'फिरंग' हे नावच पडलं. म्हणजे परकं पातं घरात नांदवायची सवय महाराष्ट्राला फार जुनी.

दुपारी चौकातल्या हॉटेलात इथली खास कॉफी-पंगत घेतली. कथलाच्या तीन पायांच्या उंच भांड्याला खाली तोटी, त्यातून कॉफी. मनुकांचा पाव, गरम चेरी घातलेले वाफल आणि चक्क दूधभात, वर साखर-दालचिनी! आपली खीरच, फक्त वेलदोडा विसरलेली.

लेकीने मोबाइलवर वाचून दाखवलं, ते तुम्हांलाही सांगते. इथे एकच माणूस तलवार करत नसे. घडवणारा वेगळा, पाणी देणारा वेगळा, घासणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि आपली विद्या गावाबाहेर नेणार नाही अशी शपथ घ्यावी लागे. घासणारे वुप्पर नदीकाठच्या पाणचक्कीत दगडाच्या प्रचंड चाकांपुढे बसत. ती धूळ छातीत जाऊन कित्येक जण ऐन उमेदीत गेले. आणि घराघरांत तयार झालेला माल व्यापाऱ्याकडे पोचवत बायका, डोक्यावर भल्यामोठ्या टोपल्यांत लोखंड घेऊन, डोंगर चढून. संग्राहक तलवारीचा नमुना विचारतात, साल विचारतात. त्या टोपल्यांचं वजन मला कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

तिथूनच जावेला व्हिडिओ लावला. सगळं कबूल केलं : निळे डाग, गंज समजणं, सगळं. म्हटलं, "तुझ्या गुडघ्याचे पैसे मी चिंचेत कालवले गं." ती क्षणभर गप्प. मग हसत सुटली. "ताई, तुम्ही दोन्ही बाळंतपणांना माहेरी होतात, तेव्हा कोण घासत होतं? मीच की! मी तर वरून काथ्याही वापरला."

तुमच्या घरी अशी जुनी वस्तू असेल तर एवढं करा : चिंच, लिंबू, पूड, काथ्या काही लावू नका. मऊ कोरड्या कापडाने पुसा, शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, पात्याला बोटं लागू देऊ नका, कारण घामानेही डाग पडतात. चामड्याच्या म्यानात कोंडून ठेवू नका, ओल धरते. काळपटपणा म्हणजे मळ नव्हे, संग्राहक त्याचेच पैसे देतात. आणि विकण्याआधी कायद्याची चौकशी जरूर करा.

दिवाळीनंतर ते संग्राहक आले. भिंग लावून अक्षरं पाहिली, बराच वेळ पाहिली. घेतो म्हणाले आणि आकडा सांगितला. निळाई असती तर किती, तेही सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. जाऊबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "गुडघा पतपेढीचं कर्ज काढून करू."

ऑपरेशन झालं, बाई आता जिना चढतात. यंदा खंडेनवमीला तलवार मीच खाली काढली, तेल लावून पाटावर ठेवली. सासूबाई नव्वदीच्या घरात. ओल्या कुंकवाची वाटी घेऊन आल्या. म्हटलं, पात्याला नको, डाग पडेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं! मग पाटालाच बोट लावलं आणि विचारलं, "आणि घासायची कधी?"