कळकलेलं औषध

'कळकलं' हा शब्द आमच्या प्रयोगशाळेत मी आणला. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की आई नाक मुरडायची: कळकलं, ओतून टाका. ताकातल्या आम्लानं तांबं बाहेर काढलेलं असायचं. धातूची प्रतिजैविकं करायला लागल्यापासून माझं दुखणं तेच आहे. धातूभोवती लिगँडची, म्हणजे त्याला धरून बसणाऱ्या रेणूंची, कल्हई चढवायची. ती वाटेत उडता कामा नये. जिवाणूपाशी पोचल्यावर मात्र बहुतेकदा उडालेलीच बरी.

पहिलं संयुग चांदीचं. उजेड सोसत नाही म्हणून बाटली फॉइलमध्ये, माझ्या बोटांवर काळे डाग. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये जिवाणू, त्यांचं खाणं आणि औषधाच्या उतरत्या मात्रा भरून ती रात्रभर 37 अंशांवर ठेवायची. सकाळी खळगा नितळ दिसला तर औषध लागू पडलं, गढूळ दिसला तर नाही. माझी प्लेट उलटीच निघाली. सर्वांत जास्त मात्रेचे खळगे सर्वांत गढूळ! ज्यांत जिवाणू घातलेच नव्हते, तेही. खाण्यातल्या क्लोराइडनं चांदीला गाठलं होतं आणि मी सिल्व्हर क्लोराइडचा साका न्याहाळत बसलो होतो.

प्लॅटिनमची तऱ्हा निराळी. चाचणीसाठी संयुगं डीएमएसओ या द्रावकात विरघळवायची सर्रास पद्धत, आणि त्यातलं गंधक प्लॅटिनमला जाऊन चिकटतं. बनवलं एक, तपासलं गेलं भलतंच.

तरी हा उद्योग सोडवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या 'को-ॲड' उपक्रमाकडे प्रतिजैविक म्हणून तपासायला आलेल्या 906 धातुसंयुगांचा हिशेब 2020 मध्ये छापून आला. चाळणीत टिकली 9.9 टक्के, निव्वळ सेंद्रिय रेणूंत हाच आकडा 0.87. धातू जिवाणूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालू शकतो, म्हणून प्रतिरोध यायला वेळ लागेल ही आशा. येतच नाही असं नव्हे. चांदीला न जुमानणारे जिवाणू भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात 1970च्या दशकातच सापडले होते.

आमचा मूळपुरुष म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ एर्लिखचं साल्व्हर्सान, उपदंशावरचं आर्सेनिकचं औषध. (आर्सेनिक काटेकोरपणे धातू नव्हे, पण घरातलंच.) ते 1910 मध्ये बाजारात आलं. बाटलीत नेमके कोणते रेणू होते, ते उलगडायला 2005 उजाडलं.

परवा एक विद्यार्थिनी रुथेनियमची प्लेट नाचवत आली. खळगे काचेसारखे नितळ.

"नुसत्या लिगँडची ओळ कुठली?" मी विचारलं.

तिनं बोट ठेवलं. तीही नितळ होती.