काकीचं देणं

बुरशीशास्त्र मी पुढे पुस्तकांतून शिकले. अळंबीकडे बघायचं कसं, हे मात्र दोडामार्गच्या आमच्या शेजारच्या काकीने शिकवलं. तिचं ऋण मानल्याशिवाय मला या विषयावर एक ओळही लिहिता येत नाही.

पावसाने जोर धरला की ती मला रानात न्यायची. वारुळावर अळंबी दिसली की माझा हात कोयत्याकडे जाई. "कोयतो घालू नको, बाय. हातान काढ. आणि उमाललेली घेव नको, ती वारुळाची." मिटलेल्या कळ्या आमच्या, उमललेल्या छत्र्या वारुळाच्या, हा तिचा नेम कधी मोडला नाही.

त्यामागचं शास्त्र मला फार पुढे कळलं. त्या अळंबीचा देठ मुळासारखा खोल जातो, थेट वाळवीच्या शेतात. वाळवी लाकूड-पाचोळा खाते, अर्धवट पचलेल्या विष्ठेची सच्छिद्र पोळी रचते आणि त्यांवर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवते. लाकडातला चिवट भाग बुरशी फोडते आणि वाळवीला अन्न मिळतं. आफ्रिकेत सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी जुळलेला हा संसार आहे. उमललेल्या छत्रीतून बीजाणू उडतात आणि बहुतेक जातींत नव्या वारुळाला बुरशी मिळते ती त्यांतूनच. काकी छत्र्या राखायची त्या अजून न बांधलेल्या वारुळांसाठी!

झांबियातल्या टर्मिटोमायसिस टायटॅनिकसबद्दल वाचलं तेव्हा मी तिच्याकडेच धावले. 1980 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेली ही जात. टोपी मीटरभर रुंद होऊ शकते. मी हात पसरून माप दाखवलं. काकी टोपीबद्दल काही बोललीच नाही. "एवढ्याक पोसणारा वारूळ केवढा असात गो?"

नेमका प्रश्न तोच होता. पडक्या ओंडक्यावरच्या अळंबीला त्या ओंडक्यापुरताच शिधा. इथे असंख्य कामकरी वाळव्या सतत अन्न आणतात, ओल राखतात, परक्या बुरशीला डोकं वर काढू देत नाहीत. एवढी शिदोरी जमिनीखाली असते म्हणून वर तेवढी छत्री उभी राहते. याच कुळातली मायक्रोकार्पस जेमतेम नखाएवढी असते, कारण वाळवीने वर आणून टाकलेल्या पोळ्याच्या तुकड्यांवर ती उगवते.

एका वारुळावर काळे बारीक कोंब आले होते. काकी म्हणाली, "ह्या मेला." पोळ्यात दबून राहिलेली झायलेरिया जातीची बुरशी वाळवी गेल्यावरच अशी माजते, हे मी विद्यापीठात शिकले. काकीने ते मला परकरात असतानाच दाखवलं होतं.