हेलसिंकी ते टोकियो, ध्रुवावरून

हेलसिंकी आणि टोकियो यांच्यातील महावृत्तीय अंतर, म्हणजे पृथ्वीच्या वक्र पृष्ठावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर, सुमारे ७,८०० किलोमीटर आहे, आणि सायबेरियावरून जाणारे विमान ते साडेनऊ तासांच्या आसपास कापत असे. परंतु २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले आणि हाच प्रवास ध्रुवावरून वळसा घालत सुमारे १३ तासांचा झाला.

प्रस्तुत लेखकाचा जूनमधील हेलसिंकीचा मुक्काम पावसात आणि राईच्या आंबूस पावावर सरला. वर्णनास पात्र ठरतो तो तेथून टोकियोला जाणाऱ्या विमानातील शेजार. खिडकीपाशी बसलेल्या वृद्ध जपानी बाई १९७०च्या दशकात पॅरिसला शिकत होत्या, आणि त्या काळी सोव्हिएत आकाशातून मोजक्याच विमानांना वाट मिळत असल्यामुळे त्यांचे विमान उत्तरेकडून वळसा घालून अलास्कातील अँकरेज येथे इंधनासाठी थांबे. हा मार्ग स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये सुरू केला होता; पुढे १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकीहून न थांबता टोकियो गाठले, तेही ध्रुवाकडूनच. बाईंना मात्र अँकरेजचा तो तासाभराचा थांबा प्रिय होता, कारण काचेपलीकडे हिमाच्छादित डोंगर दिसत आणि घराकडे परतणारी जपानी माणसे अनोळखी असूनही तेथे एकमेकांशी बोलू लागत. नंतर सायबेरियाची वाट खुली झाली, त्यांची मुले युरोप जवळच आहे असे मानत मोठी झाली, आणि आता या वयात त्या पुन्हा ध्रुवावरून निघाल्या होत्या. हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. ऐकणाऱ्याला मात्र विलक्षण वाईट वाटले.

उड्डाणानंतर सुमारे चार तासांनी ध्रुव आला. तेथे सर्व रेखावृत्ते, म्हणजे ध्रुवापासून ध्रुवापर्यंत कल्पिलेल्या उभ्या रेषा, एकत्र मिळतात आणि कोणतीही दिशा दक्षिणच असते. चुंबकीय होकायंत्र या प्रदेशात भरवशाचे राहत नाही, आणि जेट इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यामुळे वैमानिकांना टाकीतील तापमानावर लक्ष ठेवावे लागते. ढगांच्या फटीतून भेगाळलेला बर्फ दिसला, तेव्हा लोकमान्य टिळकांचा १९०३ सालचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ आठवणे मराठी माणसाला अपरिहार्य होते. वैदिक आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवप्रदेशात होते हे त्यातील अनुमान विद्वानांनी सामान्यतः स्वीकारले नाही. तरी उषेच्या ऋचांतील दीर्घ पहाट ध्रुवाजवळच्या अनेक दिवस टिकणाऱ्या पहाटेशी जोडणारी ती बुद्धी, एकही हिमखंड न पाहता येथवर पोचली होती, आणि त्या उंचीवरून तिच्याविषयीचा आदर वाढला.

टोकियोतील दिवस कामात गेले. विमानातून उतरताना बाईंनी ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र नातवासाठी जपून घेतले आणि त्याला मात्र युरोपला सरळ वाटेने जाता यावे, अशी इच्छा बोलून दाखवली.